जमुनाच्या साडेसातीची शेवटची तारीख

१ जून १९८५, शनिवार

ही वही लिहायला घेण्याचे कारण एकच. आज माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीने, जमुनाने, परक्या माणसासमोर मला म्हटले की मी तारखा पुढे ढकलते. पस्तीस वर्षे मी मुलींना गणित शिकवते आहे. तारीख असते तिथेच असते, ती ढकलता येत नाही. पण बोललेले जो तो आपल्या सोयीने आठवतो. म्हणून यापुढे मी काय सांगितले, कधी सांगितले आणि कशावरून, ते इथे राहील.

परका माणूस म्हणजे खंडेराव. बोईसरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर, मूळचे नगरकडचे, विधुर, वय चोपन्न. तीन वर्षांपूर्वी कारखान्याच्या एप्रनची शिलाई जमुनाच्या शिवणवर्गाला मिळाली तेव्हापासून पालघरला आमच्याकडे येतात. १९८२ च्या दिवाळीत, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी मला सरळ विचारले की जमुनाबाईंशी लग्न करायची इच्छा आहे, तुमची हरकत आहे का. मी म्हटले, हरकत माझी नाही, शनीची आहे.

जमुनाची रास कन्या. आपल्या राशीच्या आधीची, आपली आणि पुढची अशा तीन राशींतून शनी जातो, प्रत्येकीत अडीच वर्षे, तिची साडेसाती. तिचे पहिले लग्न मी शाळेच्या परीक्षांच्या गडबडीत न बघता होऊ दिले आणि सहा वर्षांत ती कपाळ पुसून माझ्या दारात उभी राहिली. या वेळी मी तसे होऊ देणार नव्हते. शनीने तूळ, म्हणजे कन्येच्या पुढची रास, सोडली गेल्या २१ डिसेंबरला. तेव्हा धनुर्मास होता, त्यात लग्न करत नाहीत. मग मला टायफॉइड झाला आणि जमुना दोन महिने माझ्या उशाशी होती. मग ९ जूनचा दिवस ठरला. आणि मार्चपासून शनी वक्री आहे, तो आज पुन्हा तुळेत आला. हे पंचांगात छापलेले आहे. मी ते फक्त वाचून दाखवले.

"म्हणजे अजून किती, बाई?" खंडेरावांनी विचारले.

"सतरा सप्टेंबरपर्यंत."

"डिसेंबरात सुटला म्हणाला होतात."

"सुटला होता. मागे फिरला."

ते थोडा वेळ चहा ढवळत बसले. मग म्हणाले, "आमच्या कंपनीत एक फोरमन रिटायर झाला. हार, नारळ, ग्रूप फोटो, सगळं झालं. चार महिन्यांनी बघतो तर पुन्हा त्याच खुर्चीत. पण बाई, त्याच्या सहीवर माल सुटत नव्हता."

जमुना हसली. पदर तोंडाला लावून, पण हसली. आणि हसणे थांबल्यावर ते वाक्य बोलली.

मी म्हटले, सतरा सप्टेंबर. लिहून ठेवा. त्यांनी खिशाचे पेन काढून खरेच लिहून घेतले. त्या खिशाला जमुनाच्या हातची दुहेरी शिवण आहे. मी ओळखते.

४ जून

शाळा उघडण्याआधीची साफसफाई. शिपाई भिका बाके पुसता पुसता थांबला. परवा पौर्णिमेला त्याची सायकल घसरली, काल त्याच्या बायकोचा हात भाजला. म्हणाला, "बाय, कायतरी लागलंय. किती दिस राहील?"

मी त्याची रास विचारली आणि सांगितले, "चंद्र एका राशीत सव्वादोन दिवस असतो. उद्या दुपारी बदलतो. परवापासून वेळेवर ये."

"येवढंच?"

"एवढंच. आणि सायकलचे ब्रेक बघ."

लोकांना ग्रह लांबवायची फार हौस असते.

१६ जून, रविवार

खंडेराव आले होते. स्वयंपाकघरातल्या नळाचा वायसर बदलून गेले. तो नळ आठ वर्षे टपकत होता. मला त्याची सवय होती. त्या आवाजावर मी वह्या तपासत असे. आज तपासायला बसले तर घर नको तितके शांत वाटले.

जमुनाने त्यांच्याबरोबर सुक्या जवळ्याची चटणी दिली. बाटली माझी होती, लिमलेटची, रुंद तोंडाची.

दोघे ओट्यापाशी काहीतरी बोलत होते आणि ती हसली. ते गेल्यावर मी विचारले, कशाला हसलीस. "काही नाही, ताई." पूर्वी ती मला सांगत असे. शिवणवर्गातल्या मुली काय बोलल्या, कोणाचे ब्लाऊज उसवले, सगळे. मला त्यातले निम्मे नको असे. पण ती सांगत असे.

३० जून

दर रविवारी येणे हे आवश्यक आहे का, असे मी आज जमुनाला विचारले. ती म्हणाली, "त्यांना सुट्टी रविवारीच असते." प्रश्नाचे उत्तर हे नव्हते.

माझ्या डब्यात सलग तीन दिवस लोणचे-पोळी. याची फक्त नोंद करते.

७ जुलै, रविवार

आज दशा काढून बसले. शनी सुटला की सगळे सुटले असे अर्धवट लोक मानतात. दशा पाहावी लागते. जमुनाला गुरूच्या महादशेत केतूची अंतर्दशा आहे, ती माझ्या जुन्या मांडणीप्रमाणे २६ जुलैला संपते. केतू तोडणारा ग्रह आहे. तो संपतो हे चांगलेच.

पण ही तारीख जन्मवेळेवर टांगलेली आहे. जन्मवेळ दीड तास मागे गेली तर केतू २६ जुलैऐवजी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत राहतो. आणि जन्मवेळेबद्दल मला मुळात खात्री असायला हवी.

ती मी कशी काढली ते लिहून ठेवते. जमुना केळव्याला झाली, आमच्या वाडीच्या घरात, खाडीकाठी. ज्येष्ठ शुद्ध नवमी, शके १८६०. मी दहा वर्षांची होते. घरातले घड्याळ त्या उन्हाळ्यात बंद पडले होते. सुईण आली होती शेजारच्या दांडा गावची. तिने बाहेर येऊन वडिलांना सांगितले, मुलगी झाली, आणि वेळ विचारल्यावर म्हणाली, खाडी काठोकाठ भरली तेव्हा. एवढेच साधन. पुढे १९४९ मध्ये, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना, मी ती पत्रिका मांडली. तिथीला तीनाने गुणून चाराने भागले की पूर्ण भरतीची वेळ येते, हे किनाऱ्यावर पोरासोरांना ठाऊक असते. नवमी, म्हणजे पावणेसात. पण ती झाली समुद्रावरची भरती. आमच्या घरापाशी खाडीत पाणी उशिरा चढते. किती उशिरा, हे मी अंदाजाने धरले नाही. वडिलांचे मनगटी घड्याळ घेऊन दोन दिवस काठावर बसले आणि मोजले. दीड तास. म्हणून जन्म सव्वाआठ. प्राध्यापकांना दाखवले तेव्हा ते म्हणाले होते की अशी पत्रिका त्यांनी पाहिली नाही.

तरी पुन्हा तपासायला हरकत नाही. हे केवळ शास्त्राच्या शुद्धतेसाठी.

२१ जुलै, रविवार

अधिक श्रावण लागला. महिनाभर कुठलेही कार्य नाही. ही गोष्ट मी केलेली नाही हे इथे नोंदवून ठेवते.

खंडेराव आले, दोन तास बसले. जमुनाच्या शिवणयंत्राला तेल घातले. यंत्र माझ्या पहिल्या पगारवाढीतून घेतलेले आहे, हे त्यांना माहीत नसावे. मी सांगितले. "मग चांगलं घेतलंय, बाई," म्हणाले. त्यांच्यावर चिडायला ते जागाच ठेवत नाहीत, आणि तीच मला सगळ्यात सहन न होणारी गोष्ट आहे.

३ ऑगस्ट, शनिवार

सोजराबाई आली. ती सातपाटीची, दर शनिवारी टोपली घेऊन येते. या दिवसांत होड्या वर ओढलेल्या असतात म्हणून सुके बोंबील आणि वाकट्या. तिचे माहेर दांडा. आणि जमुनाची सुईण म्हणजे तिची आई.

"दोन दिस बाजारात यायला जमलं नाय," म्हणाली, "पानी पार घरात येऊ बघत व्हतं."

मी म्हटले, "पौर्णिमा बुधवारी झाली. आज तृतीया होत आली. आता उधाण उतरायला हवं."

ती माझ्याकडे बघून हसली. मुली चुकीचे उत्तर देतात तेव्हा मी बहुधा अशीच बघते. "बाय, पुनवेचं पानी पुनवेला कवा चढतं? दोन दिस जाऊ द्यावे लागतात, मंग खरं चढतं. चांद गेला तरी दर्याला ठावं नसतं."

मी पस्तीस वर्षे शिकवत आले की पौर्णिमा-अमावास्येला सर्वांत मोठी भरती. पुस्तकात तसे आहे. दोन दिवसांचे पुस्तकात नाही.

मग मी माझा प्रश्न काढला. जमुना आतल्या खोलीत कपडा बेतत होती, तरी मी आवाज खाली ठेवला. "तुझी आई जमुनाच्या वेळी होती. खाडी भरली तेव्हा झाली असं म्हणाली होती. आमच्याकडे खाडीत पाणी दीड तास उशिरा येतं, ते बरोबर ना? की कमी?"

"आता येतं उशिरा. बंधारा हाय ना मधी. खाजनातल्या खाऱ्या जमिनीत शेती केली त्यांनी, तवाचा."

"तेव्हा नव्हता?"

"तवा कुठला बंधारा? मी येवढी व्हते." तिने टोपलीच्या उंचीवर हात धरला. "पानी सरळ यायचं. दर्यावर भरलं का खाडीत भरलं. आयशीबरूबर मी आलेले तुमच्याकडं, मागच्या पडवीत बसलेले. तुमच्या आईनं चुरमुरे दिलेले मला. दिवा बी लागला नव्हता अजून."

म्हणजे उशीर नाहीच. म्हणजे पावणेसात. म्हणजे पूर्ण दीड तास मागे, आणि केतू डिसेंबरपर्यंत.

मी तिच्याकडून गरजेपेक्षा दुप्पट बोंबील घेतले. जमुना बाहेर येऊन म्हणाली, "एवढे कोण खाणार, ताई?" मी म्हटले, आपण दोघी. डिसेंबरपर्यंत पुरतील.

४ ऑगस्ट, रविवार

एका बाईच्या बोलण्यावर मी तारीख बदलत नाही. सकाळच्या एसटीने केळव्याला गेले. वाडी आता दुसऱ्यांची आहे. पोफळी तशाच आहेत. बंधाऱ्याच्या टोकाला, उघडीपाशी, म्हणजे पाणी सोडायच्या दारापाशी, एक दगड आहे, त्यावर वर्ष कोरलेले: १९४४. जमुना तेव्हा सहा वर्षांची होती. १९४९ मध्ये मी याच दगडावर बसून, घड्याळ मांडीवर घेऊन, दोन दिवस पाणी मोजले होते. दगडाकडे पाहिले नव्हते. पाण्याकडे बघत होते.

आणखी एक. मला त्या संध्याकाळचे पाणी आठवते. मी पायरीवर उभी होते, पाणी पायरीला लागले होते आणि त्यावर उजेड होता. पिवळा, मावळतीचा. सव्वाआठला जूनमध्ये उजेड नसतो. १९४९ मध्येही मला तो आठवत होता. पण दहा वर्षांच्या मुलीची आठवण हे प्रमाण नव्हे, म्हणून मी ती धरली नाही.

पोचायला उशीर झाला. खंडेराव येऊन गेले होते. माझ्यासाठी जमुनाने भात झाकून ठेवला होता.

५ ऑगस्ट

पत्रिका पावणेसातला मांडली.

चंद्र कन्येत शिरतो सात पंचवीसला. हे मला १९४९ मध्ये माहीत होते. मार्जिनमध्ये माझ्या अक्षरात लिहिलेले आहे: "सीमा जवळ, परंतु जन्म नंतरचा." या वेळी मी केतूची तारीख काढण्याच्या घाईत तिकडे पाहिलेच नाही.

पावणेसातला चंद्र सिंहेत आहे.

तीन वेळा मांडले. सिंह.

सिंहेची साडेसाती शनीने कन्या सोडली त्या दिवशी संपते. ६ ऑक्टोबर १९८२. खंडेराव दिवाळीत विचारायला आले त्याच्या सहा आठवडे आधी.

त्यांनी विचारले तेव्हा कुठलाही शनी नव्हता. गेल्या तीन वर्षांत मी जितक्या तारखा सांगितल्या तितक्या सगळ्या चूक. वर जे लिहिले आहे ते मी खोडलेले नाही.

८ ऑगस्ट

सांगितले नाही. जमुनाला ताप होता.

११ ऑगस्ट

ताप उतरला. सांगितले नाही. खंडेराव बसले होते. त्यांच्या समोर कशाला.

१३ ऑगस्ट

जमुना आज दिवसभर बाहेर होती. सूत आणायला गेले होते म्हणाली. सूत आणलेले दिसले नाही. एरवी मी विचारले असते. आज मला विचारता आले नाही.

अधिक महिना १६ ला संपतो. निज महिना लागला की सांगावे, असे ठरवले आहे. मलमासात अशी गोष्ट कशाला.

याला आधार नाही, हे मला ठाऊक आहे.

१८ ऑगस्ट, रविवार

खंडेराव आणि जमुना दोघे माझ्यासमोर बसले. शाळेत पालक बसतात तसे. जमुनाने सांगितले की गेल्या मंगळवारी ते दोघे ठाण्याला जाऊन नोंदणी कचेरीत लग्नाची नोटीस देऊन आले. म्हणजे त्या सुताच्या दिवशी.

"तीस दिवस थांबायला लागतं, बाई," खंडेराव म्हणाले. "सरकारचा पण एक ग्रह आहे. पण तो वक्री होत नाही."

मी विचारले, "म्हणजे बारा-तेरा सप्टेंबर?"

"नाही, ताई," जमुना म्हणाली. "तेवीस सप्टेंबर. तुझी सतरा उलटून जाऊ दे म्हटलं. तू म्हणाली होतीस ना, म्हणून."

ती माझ्यासाठी दहा दिवस जास्त थांबणार आहे. ज्या शनीसाठी थांबणार आहे तो तिच्या वाटेत कधीच नव्हता.

त्याच क्षणी सांगायला हवे होते. मी म्हटले, "पितृपक्षाच्या आधी होतंय, ते बरं."

खंडेरावांच्या सदऱ्याचे वरचे बटण निळ्या दोऱ्याने लावलेले होते. घरात पांढरा दोरा संपला होता, मला माहीत आहे, कारण मीच आणायला विसरले. म्हणजे ते बटण या घरात, माझ्या पाठीमागे, अंगावर सदरा असताना लावले गेले. मी त्या बटणाकडे बघत राहिले, ते काय बोलत होते ते पुढे ऐकले नाही.

३० ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

नारळीभात झाला. ताटे तीन.

खंडेरावांनी जमुनाला चष्मा करून आणला आहे. सुईत दोरा ओवताना तिला त्रास होतो हे त्यांनी तीन वर्षांत पाहिले. मी वीस वर्षांत पाहिले नाही. तो घालून ती आरशात बघत होती आणि ते मागे उभे होते, आणि आरशात त्या दोघांच्या मध्ये मी दिसत होते, दाराशी, हातात वाढायचा डाव.

ते गेल्यावर मी म्हटले, "शनी सुटला तरी केतू राहतो. डिसेंबरपर्यंत. मी नव्याने मांडलं."

हे खोटे नाही. केतू खरोखर राहतो. पण त्याच कागदावर वरच्या ओळीत सिंह लिहिले आहे आणि तो कागद मी उलटा ठेवला होता.

जमुना ताटे उचलत होती. थांबली. "ताई, भिकाला तू सव्वादोन दिवस सांगितलेस. सगळ्या शाळेला माहीत आहे, तो सांगत फिरतो. शेजारच्या झुंबरला म्हणालीस, मंगळ दीड महिना, पुढच्या महिन्यात पोरगं सुधारेल. माझ्याच वाट्याला एवढे लांबलांब ग्रह कसे गं आले?"

उत्तर सोपे होते. शनी मंद चालतो, एका राशीला अडीच वर्षे घेतो. लहान मुलीलाही समजेल. मी ते दिले नाही.

तिने तीनही ताटे घासली. मी पुसली.

६ सप्टेंबर

भिका विचारत होता, बाय बरं नाय का. म्हटले, बरे आहे. म्हणाला, "चंद्र बदलंल उद्या."

१४ सप्टेंबर

बोंबील संपत नाहीत.

१७ सप्टेंबर, मंगळवार

उद्या गणपती. जमुना मखराला झालर शिवत होती, नवा चष्मा लावून. मी शाळेतून आले, पाय धुतले आणि दोन्ही पत्रिका तिच्यासमोर ठेवल्या. जुनी आणि नवी. म्हटले, वाच.

तिला पत्रिका वाचता येते. मीच शिकवली आहे. तिने आधी जुनी पाहिली, मग नवी. बोट चंद्रावर थांबले.

"सिंह?"

"सिंह. बंधारा तेव्हा नव्हता. मी नंतरचं पाणी मोजलं. चूक माझी."

"म्हणजे साडेसाती..."

"ब्याऐंशीच्या ऑक्टोबरात संपली."

झालर मांडीवरून घसरली ती मी उचलली. मग तिने नव्या पत्रिकेच्या खाली बघितले. मी कागदावर तारीख घालते. कुठल्याही कागदावर. सवय आहे.

"ही पाच ऑगस्टची आहे."

"हो."

"आज सतरा सप्टेंबर."

"हो."

तिने मोजले. बोटांवर नाही, तोंडाने नाही, पण ती मोजत होती ते मला दिसले. मी तिला असेच मोजायला शिकवले होते, महिना सोडून वरचे दिवस आधी.

"तीन वर्षांचं मला काही वाटत नाही, ताई," ती म्हणाली. "तुझी चूक झाली. बंधारा कुणाला माहीत होता? ते मी शनीच्या नावावर घालते. पण हे त्रेचाळीस दिवस कोणत्या ग्रहाचे?"

मी म्हटले, "ते माझे."

तिने झालर माझ्या हातातून घेतली आणि शिवायला लागली. टाका सरळ होता. रात्रीचे जेवण तिने वाढले, बोलली नाही.

१९ सप्टेंबर

सोजराबाईचे बरोबर आहे. परवा सांगितले तेव्हा काही झाले नाही. आज तिसऱ्या दिवशी, दहावीच्या वर्गात फळ्यावर वर्गसमीकरण सोडवता सोडवता मला खाली बसावे लागले. मुली पाणी आणायला धावल्या. मी त्यांना म्हटले, पुढचे तुम्ही सोडवा, उत्तर येईपर्यंत कोणी उठायचे नाही.

मी ती तारीख का लांबवली, याचा मी आज प्रथमच विचार केला. लिहायला बसले तर एवढेच सुचते की नळ टपकत नाही आणि रविवारनंतर शिवणयंत्रही चालणार नाही. हे कारण होत नाही. पण दुसरे सापडत नाही.

२२ सप्टेंबर, रविवार

जमुना पाच दिवसांनी स्वतःहून बोलली. "साक्षीदार तीन लागतात. दोन त्यांच्याकडचे आहेत."

मी म्हटले, "किती वाजता?"

"सकाळच्या गाडीनं निघायचं."

"शाळेला रजेचा अर्ज द्यावा लागेल."

"भिकाजवळ दे," ती म्हणाली. मग थोडे थांबून, "तुझी ती मोतिया साडी नेस. ती करड्या रंगाची नको, परीक्षेला आल्यासारखी दिसतेस."

हे तिने रागात म्हटले की नाही ते मला कळले नाही. साडी काढून ठेवली आहे.

२३ सप्टेंबर १९८५, सोमवार

ठाण्याला नोंदणी झाली. मी सही केली. वेळ पाहिली नाही. कचेरीतल्या भिंतीवर घड्याळ होते, हे बाहेर आल्यावर लक्षात आले.

खंडेराव मला नमस्कार करायला वाकले. मी त्यांना म्हटले, "पन्नाशी उलटलेल्या माणसाने रस्त्यात वाकू नये." ते म्हणाले, "बाई, तीन वर्षं वाकूनच आहे, सवय झाली." जमुना हसली. कशाला हसली ते या वेळी मला विचारावे लागले नाही.

परत येताना पालघर मागे टाकून मी दोघांबरोबर बोईसरला उतरले. मी त्यांच्या खोलीपर्यंत गेले. खोली स्वच्छ आहे. नळ टपकत नाहीत.

जमुनाला दिलेल्या गोष्टी, क्रमाने:

एक. तिची पत्रिका, १९४९ ची, चुकीची. तिनेच मागितली. फाडणार का, असे विचारले. नाही म्हणाली.

दोन. तिची पत्रिका, ५ ऑगस्टची. खाली मी लिहून दिले आहे: "साडेसाती समाप्त, ६ ऑक्टोबर १९८२. त्यानंतरचा विलंब मांडणाऱ्याचा." सही, तारीख. केतूचे लिहिलेले नाही. ते तिने सांगू नको म्हटले.

तीन. शिवणयंत्र, तेलाच्या डबीसह. टेम्पोने उद्या सकाळी पोचेल.

चार. आईचा पितळी डबा. त्यात उरलेले बोंबील.

पाच. पांढऱ्या दोऱ्याची रिळे, दोन.

सहा. पालघरच्या घराची दुसरी किल्ली. ही तिने सकाळी निघताना टेबलावर ठेवली होती, माझ्या चष्म्याजवळ, मला दिसेल अशी. ती मी तिच्या पिशवीत, तिच्या नव्या चष्म्याच्या घरात, कापडाखाली परत ठेवली. तिला अजून सापडलेली नाही.